वनिताच्या बहिणीची गोष्ट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. दोघीजणींना ते माहीत आहे, पण त्यांनाही मी सांगितलं नव्हतं — त्यांचं त्यांना कळलं. आणि कळल्यावर त्या दोघी जशा वागल्या, त्यामुळे सांगणं आणखीच अवघड होऊन बसलं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. की ओळखत असाल? माझा एक व्हिडिओ आहे, बऱ्याच जणांनी पाहिलाय. तुम्हीही पाहिला असेल तर त्यात मी जे बोलते ते तूर्त बाजूला ठेवा.

मी दमलेय. पश्चात्ताप वगैरे शब्द मला मोठे वाटतात. जड वस्तू फार वेळ उचलून धरली की हात भरून येतात ना — तेवढंच झालंय.

माझं नाव दर्शना. मूळची शहापूर तालुक्यातली, ठाकर समाजातली. आता डोंबिवलीला राहते आणि ठाण्यात माजिवड्याला एका संस्थेत काम करते. आमची संस्था आदिवासी मुलामुलींना दोन वर्षांची फेलोशिप देते. मुलं आपापल्या पाड्यात राहून काम करतात — रेशन, पाणी, वनहक्काचे दावे, बाळंतपणं — आणि आम्ही त्यांना ते काम शिकवतो. दोन वर्षांनी त्यातली बरीच कुठल्या ना कुठल्या संस्थेत नोकरीला लागतात. मीही अशीच लागले. पहिल्या काही बॅचमधली मी. आता तो सगळा कार्यक्रम मीच बघते. मुलं मला ताई म्हणतात. ‘ताई, तुमच्याकडे बघून आलो’ असंही म्हणतात. ते ऐकलं की मी पाणी प्यायला उठते.

वनिता आणि मी कल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत होतो. तिचा पाडा डोंगरावर, रस्त्यापासून तासभर आत. माझं तसं नव्हतं. माझे वडील आश्रमशाळेत स्वयंपाकी होते, सरकारी नोकरी. आम्हाला क्वार्टर होतं, लाईट होती, दर महिन्याला पगार यायचा. मी उपाशी झोपले असं कधी झालं नाही. हे सांगायला मला आजही अवघड वाटतं — का? चांगलंच होतं की ते.

आम्ही दोघीच बहिणी. थोरली सुनंदाताई तेव्हा डोंबिवलीत राहायची, शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका चाळीत. भावोजी एमआयडीसीत कपडे रंगवायच्या कंपनीत होते. दर रविवारी मी ताईकडे जेवायला जायचे आणि वनितालाही न्यायचे. वसतिगृहातल्या जेवणाला कंटाळलेल्या आम्ही दोघी ताईचा सुकटीचा रस्सा आणि भात चापून खायचो. ताई वनिताचे केस विंचरून द्यायची, माझे नाही. माझे केस विंचरायला घेतले की मी ओरडायचे.

वनिताला एक थोरली बहीण होती, बेबी. बाळंतपणात गेली. ही गोष्ट वनिताने मला एकदाच सांगितली, वसतिगृहाच्या गच्चीवर, वाळलेले कपडे काढताना. पाड्यातून, वाटेतला ओढा ओलांडून, रस्त्यापर्यंत बेबीला झोळीत घालून आणत होते, चार माणसं खांद्यावर बांबू घेऊन. वनिता तेव्हा अकरा-बारा वर्षांची होती. ती मागून चालत होती, बेबीच्या चपला हातात घेऊन. वनिता मला म्हणाली, “मला वाटलेलं, खाली उतरल्यावर तिला लागतील.” एवढंच बोलली, आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात देऊन घडी घालायला लागली.

त्या वर्षी फेलोशिपची जाहिरात वसतिगृहाच्या फळ्यावर लागली. आम्ही दोघींनी अर्ज भरला. दोघींना बोलावणं आलं, एकाच दिवशी.

मुलाखतीत एक प्रश्न असतो — आजही असतो, आता तो मीच विचारते — की तुला हे काम का करायचंय? प्रश्न साधाच आहे. पण आधी जाऊन आलेल्या मुली सांगायच्या की मुलाखत घेणाऱ्यांना मनातलं काहीतरी लागतं, स्वतःवर बेतलेलं. मी आठवून पाहिलं. माझ्यावर काय बेतलं होतं? वडिलांनी कधी हात उचलला नाही. शाळा सुटली नाही. माझं आयुष्य मुलाखतीच्या कामाचं नव्हतं.

मी स्वतःला बरीच वर्षं असं सांगत आले की ते तोंडातून निघून गेलं. समोर तीन माणसं बसलेली, त्यांनी प्रश्न विचारला, मी घाबरले, आणि जे मनात आलं ते बोलून गेले — विशीतली मुलगी, होतं असं. ऐकायला पटतं, नाही?

पण ते खरं नाही. यादीत वनिताचं नाव माझ्या आधी होतं.

आम्ही माजिवड्याच्या त्या ऑफिसात बाहेरच्या खुर्च्यांवर बसलेलो. नावं पुकारणारे एक दादा होते. मी उठून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला बरं वाटत नाहीये, चक्कर येतेय, मला आधी सोडाल का? मला काहीही होत नव्हतं. ते वनिताकडे बघायला लागले, आणि वनिता म्हणाली, “हो दादा, तिला आधी सोडा. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नाही.”

मी आत गेले आणि वनिताची बहीण माझी करून सांगितली.

सगळं सांगितलं. झोळी, चार माणसं, वाटेतला ओढा. चपलासुद्धा. ‘मला वाटलेलं, खाली उतरल्यावर तिला लागतील’ — हे वाक्यसुद्धा, जसंच्या तसं, वनिता थांबली होती तिथे थांबून. समोरच्या मॅडमनी चष्मा काढला. एका सरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. आणि माझ्या मांडीवर सुनंदाताईची पर्स होती. कॉलेजची सॅक मुलाखतीला बरी दिसत नाही म्हणून आदल्या रविवारी ताईनेच ती दिली होती, आतलं तिचं सामान प्लास्टिकच्या पिशवीत काढून ठेवून. ती पर्स दोन्ही हातांनी धरून मी सांगत होते की माझी ताई गेली.

ताई त्या वेळी डोंबिवलीत भाकऱ्या थापत असेल.

मी अर्धा-पाऊण तास आत होते. वनिता दहा मिनिटांत बाहेर आली. “काय विचारलं?” मी विचारलं — हो, मी विचारलं. ती म्हणाली, “काय नाय.”

आम्ही कल्याणच्या एसटीत बसलो. बाळकुम मागे पडलं, कशेळीचा पूल गेला, भिवंडीत ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली. वनिता खिडकीशी होती. बाहेर बघतच ती म्हणाली, “ते बोलले, तुमच्या मैत्रिणीनेपण हेच सांगितलं. दोघींनी बसून पाठ केलं का, असं विचारलं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? गप बसले.”

पुढे काही बोलावं असं मला वाटलं का? वाटलं. मी बोलले का? नाही. दुर्गाडीच्या पुलावर गाडी आली तेव्हा कल्याणला उतरणारी माणसं उठायला लागली. वनिताने तिची पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुनंदाताईला नको सांगूस. तिला कसंतरीच वाटेल.”

तिला एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं. त्या तिघांसमोर एवढंच म्हणायचं होतं — तिची बहीण जिवंत आहे, परवाच तिच्या घरी जेवलो आम्ही. ती का नाही म्हणाली? मी कधी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठून आणणार?

माझी निवड झाली. तिची झाली नाही. ती वर्ष संपेपर्यंत त्याच खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर झोपली. माझ्याशी नीट बोलायची — साबण आहे का, लाईट घालव, परीक्षेचा फॉर्म कधी आहे. फक्त रविवारी ताईकडे यायची बंद झाली. ताई विचारायची, वनिता कुठे? मी म्हणायचे, अभ्यास करतेय.

एकदा सांगून भागलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण अशी गोष्ट एकदा सांगून संपत नाही. निवड झालेल्यांची पहिली ओळख होते, तिथे सांगावी लागली. पैसे देणारे पाहुणे आले, तिथे मला पुढे केलं. आणि खोटं टिकवायचं तर बाकीच्या वस्तूही हलवाव्या लागतात. फेलोने आपल्या गावात काम करावं असा नियम होता. मी मुरबाडचे पाडे मागून घेतले, कारण आमच्या गावात कुणीही सांगितलं असतं की सुनंदा डोंबिवलीला असते, मजेत आहे. लग्न गावी केलं, ऑफिसातल्या कुणाला बोलावलं नाही, नुसते पेढे नेले. नवरा कल्याणचा, बौद्ध कुटुंबातला, शाळेत शिक्षक आहे, सरळ माणूस. त्याने कुठेतरी माझं भाषण ऐकलं आणि विचारलं, ही कुठली बहीण? मी म्हटलं, चुलत. आमच्यात सख्खं-चुलत असं काही करत नाहीत. त्याने मान डोलावली. आमच्यात! माझं खोटं झाकायला मी अख्खा समाज अंगावर ओढला.

काम मी केलं, हेही तितकंच खरं आहे. मुरबाडच्या तीन पाड्यांत मी बाळंतपणाच्या नोंदी ठेवल्या, आरोग्य केंद्रात भांडले, गाडी वेळेवर यावी म्हणून ड्रायव्हरच्या घरी जाऊन बसले. पण हे इथे का लिहिलं मी? म्हणजे तुम्ही ते तराजूत टाकाल म्हणून? टाकू नका.

पुढे मी संस्थेतच नोकरीला लागले. काही वर्षांनी ऑफिस खालच्या मजल्यावर हलवायचं ठरलं. जुन्या फायली बघून ठेवायच्या आणि टाकायच्या वेगळ्या करायचं काम माझ्याकडे आलं. त्यात आमच्या वर्षीच्या मुलाखतींचे कागद सापडले. वनिताच्या नावापुढे शाईच्या पेनाने लिहिलं होतं — ‘कथा मैत्रिणीकडून घेतलेली वाटते. प्रामाणिकपणाबद्दल शंका.’

मी ते उभ्यानेच वाचलं. तेव्हा त्या चष्म्याच्या मॅडम संस्थेतच होत्या, शेजारच्या खोलीत, दार उघडं होतं. दहा पावलं चालून जायचं होतं. वनिताला पुढच्या वर्षी बोलावता आलं असतं, तिचं वय अजून नियमात बसत होतं. मी तो कागद रद्दीच्या गठ्ठ्यात घातला आणि गठ्ठा सुतळीने बांधला. मुलाखतीच्या दिवशी मी एकवीस वर्षांची होते. गठ्ठा बांधला त्या दिवशी तर नव्हते.

वनिताला त्यानंतर मी एकदाच पाहिलं. भिवंडीच्या गोदामांच्या रस्त्याला आमची गाडी सिग्नलला थांबलेली. ती कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती, गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. तिथे पार्सलं स्कॅन करायचं काम असतं, आमच्याकडच्या बऱ्याच मुली जातात. तिने मला पाहिलं की नाही, माहीत नाही. मी मोबाईलमध्ये बघायला लागले.

आता तो व्हिडिओ. संस्थेने गेल्या वर्षी काढला. मी ऑफिसच्या गच्चीवर उभी आहे, मागे घोडबंदरकडचे टॉवर दिसतात, आणि मी वनिताच्या बहिणीची गोष्ट सांगते. चपलांपाशी मी थांबते. त्या थांबण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं.

सुनंदाताई आता बाळकुमला असते. भावोजींची कंपनी बंद पडली. ते तिथल्या एका सोसायटीत वॉचमन लागले आणि ताई त्याच सोसायटीत चार घरी पोळ्या-भाजी करते. माझ्या ऑफिसपासून रिक्षाने जेमतेम दहा मिनिटं. इतकी वर्षं तिला मी एकदाही ऑफिसात नेलं नाही. ती म्हणायची, बघू तरी कुठे बसतेस. मी म्हणायचे, काय बघायचंय त्यात, टेबल-खुर्ची आहे.

एका रविवारी मी तिच्याकडे गेले होते. ती जमिनीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. मीही बसले. थोड्या वेळाने ती सहज म्हणाली, “पाचव्या मजल्यावरच्या मॅडमनी तुझा व्हिडिओ दाखवला.”

माझे हात थांबले. तिचे नाही.

“त्या विचारायला लागल्या, तू तर बोललेलीस आम्ही दोघीच बहिणी. मग ही कुठली गेली? मी बोलले, होती अजून एक, माझ्याहून मोठी. ती गेली.” तिने एक शेंग मोडली. “तुला कोणी विचारलं तर तेच सांग. दोघींचं बोलणं एक असलेलं बरं.”

ती रागावली असती तर मला काहीतरी करता आलं असतं — रडता तरी आलं असतं. तिने माझ्यासाठी एक मेलेली बहीण तयार करून ठेवली होती.

मग तिने विचारलं, “पण खरी कोण गेलेली गं?”

“वनिताची बहीण.”

“वनिता? आपल्याकडे जेवायला यायची ती?”

“हो.”

“तिला ठाऊक आहे?”

“हो.”

ताईने सुपातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. मग म्हणाली, “म्हणून यायची बंद झाली होय. मी एकदा तिला हसत बोललेली, बया, भात किती खातेस. मला वाटायचं तेच लागलं तिला. कितीदा मनात आलं, उगाच बोलले मी त्या पोरीला.”

एवढी वर्षं. माझ्या ताईने एवढी वर्षं एका वाटीभर भाताचा दोष स्वतःकडे घेतला होता, आणि मी दर रविवारी तिच्यासमोर बसून तोच भात जेवत होते.

तिने मला चहा केला. जाताना सोललेले वाल डब्यात भरून दिले.

तुम्हाला वाटेल की यानंतर मी ऑफिसात जाऊन सांगितलं असेल. निदान वनिताचा पत्ता शोधला असेल. मलाही वाटलं होतं. त्या संध्याकाळी डोंबिवलीला परत जाताना मी मनात सगळं जुळवलं होतं — कुणाशी आधी बोलायचं, काय शब्द वापरायचे.

तीन आठवड्यांनी नव्या बॅचचं प्रशिक्षण होतं. मुलं जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाड अशी सगळीकडून आलेली. पहिल्या दिवशी बुजलेली असतात, एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या सहकाऱ्याने माईक हातात घेतला आणि म्हणाला, “आता ताई तुम्हाला त्यांची गोष्ट सांगतील. मग तुम्हालाही बोलावंसं वाटेल.” त्याने माईक माझ्याकडे दिला. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती.

मला म्हणता आलं असतं — आज नको. म्हणता आलं असतं — माझी गोष्ट अशी आहे की माझे वडील स्वयंपाकी होते आणि आम्हाला काही कमी नव्हतं. एवढं जरी म्हटलं असतं.

मी सांगितली. झोळीपासून चपलांपर्यंत. आणि ठरल्या जागी थांबले.

चहाच्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ आली. तिला बोलता येत नव्हतं, नुसती रडत होती. तिच्या घरी काय झालं होतं ते तिने हळूहळू सांगितलं — ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. ती म्हणाली, “ताई, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमचं ऐकलं म्हणून सांगितलं.”

मी तिला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, बरं केलंस सांगितलंस. मग आम्ही दोघी चहा घ्यायला गेलो.